व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर



इ. स. १८८२ च्या ऑक्टोबरांत, १९ तारखेस, पुण्याच्या जुन्या गंज पेठेंत राहणाऱ्या एका गृहस्थानें हिंदुस्थानांतील शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या हंटर कमिशनापुढें इंग्रजींत एक निवेदन सादर केलें. निवेदनाच्या शेवटीं त्यानें सही केली आणि सहीखालीं आपण कोण हें लिहिलें: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. ती सही जोतीराव गोविंदराव फुले यांची होती.

त्या वेळीं जोतीरावांचें वय ५५ वर्षांचें होतें. मुलींची पहिली शाळा काढल्यास ३४ वर्षें झालीं होतीं. १८५२ सालीं विश्रामबाग वाड्यांत सरकारनें शाल देऊन त्यांचा जाहीर सन्मान केला होता. 'गुलामगिरी' प्रसिद्ध होऊन आणि सत्यशोधक समाज स्थापन होऊन ९ वर्षें लोटलीं होतीं. शिक्षणाच्या कमिशनापुढें बोलणाऱ्या अशा मनुष्यानें आपणांस शाळांचा संस्थापक, ग्रंथकार अथवा समाजसुधारक म्हणवून घेतलें असतें तर त्यांत कोणासहि नवल वाटलें नसतें. शाळांच्या कामाची हकीकत त्यांनीं निवेदनांत दिलीहि आहे; परंतु सहीखालीं मात्र त्यांनीं आपला धंदा, आपली जमीन आणि आपली नगरपालिकेंतील जागा यांचाच निर्देश केला. जोतीरावांवरील भाषणांतून ही बाजू बहुधा दोन ओळींत आटोपली जाते. आज मी ती दोन ओळींत न आटोपतां तिच्याविषयींच बोलणार आहें.

आधीं धंदा. फुल्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, आडनांव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर या कुटुंबानें फुलांचा व्यवसाय धरला, पेशव्यांच्या वाड्यावर फुलें पुरविलीं, आणि त्यावरूनच लोक त्यांस फुले म्हणूं लागले. पेशव्यांकडून ३५ एकर जमीन इनाम मिळाली होती. ती राणोजी या भावानें एकट्यानेंच बळकावली, आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्या वांट्यास फुलांचें व भाजीचें दुकान राहिलें. म्हणजे हा मुलगा गरिबींत वाढला असें नाहीं. पण हक्काची वस्तु कागदावरून आणि नात्यांतून कशी निसटते याची कथा त्याच्या घरांतच होती.

१८४९ सालीं शाळेच्या प्रकरणावरून वडिलांनीं जोतीराव व सावित्रीबाई यांस घराबाहेर काढलें. पुढें १८५४ सालीं जोतीरावांनीं स्कॉटिश मिशनच्या शाळेंत अर्धवेळ शिक्षकाचें काम पत्करलें. शाळा चालवावयाच्या, आणि त्यांतून स्वतः कांहीं घ्यावयाचें नाहीं, तर चूल कशावर पेटावयाची हा प्रश्न त्या दांपत्यापुढें रोजचा होता. चरित्रकार या प्रश्नाकडे फारसे वळत नाहींत. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या वर्गणीवर चाललेली संस्था वर्गणीदारांच्या मर्जीवर चालते, आणि सरकारच्या पगारावर जगणारा मनुष्य सरकारपुढें बोलतांना शब्द तोलतो. जोतीरावांस दोन्ही नको होतें. म्हणून त्यांनीं व्यापार आणि कंत्राटें धरलीं.

त्या काळचें पुणें हें कंत्राटदाराच्या दृष्टीनें मोठें सोईचें शहर होतें. पेशवाई जाऊन राजधानीचें वैभव ओसरलें होतें. पण लष्कराची छावणी वाढत होती, रेल्वे आली होती, रस्ते, पूल आणि सरकारी इमारती एकीमागून एक उठत होत्या. खडकवासल्यास मुठा नदी अडवून दगडाचें मोठें धरण बांधण्याचें काम याच काळांतलें. जोतीरावांनीं या धरणाच्या कामास सामान पुरविलें. येरवड्याच्या पुलाच्या बांधकामाशींहि त्यांचें नांव जोडलें जातें. शिवाय धातूचें ओतकाम करणाऱ्यांस लागणारें साहित्य विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. फुलांच्या पाटीपासून ओतकामाच्या साहित्यापर्यंत एका पिढींत झालेला हा प्रवास लहान नाहीं.

आतां कंत्राटाचें काम कसें चालतें तें ज्यांनीं जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. दगड खाणींतून निघतो, चुना भट्टींत भाजतो, गाड्या भरून माल कामावर जातो. तेथें मजुरांची हजेरी लिहिली जाते, झालेल्या कामाचें माप घेतलें जातें, आणि त्या मापावरून बिल पास होतें. यांतील प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी लिहिणारा बसलेला असतो, आणि ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं पैसा. हजेरींत नांव आहे पण मजूर नाहीं, मजूर आहे पण नांव नाहीं, माल कमी आणि माप जास्त, हे सारे प्रकार कंत्राटदारास डोळे मिटून पाहतां येतात. किंबहुना डोळे मिटले तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं, उलट बरकतच होते. जोतीरावांनीं डोळे मिटले नाहींत. १८६९ सालीं त्यांनीं 'ब्राह्मणांचें कसब' प्रसिद्ध केलें. पुढें 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत तर इंजिनिअर खातें, तेथील गोरे अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे ब्राह्मण कारकून यांच्या कारभारावर त्यांनीं थेट कोरडे ओढले आहेत. त्यांचे शब्द कडक होते, आणि कांहीं वेळां एका जातीस सरसकट लागू होणारे होते. त्यामुळें त्या काळींहि अनेकजण दुखावले गेले व आजहि दुखावले जातात. तें मी झांकीत नाहीं. परंतु बिलें जेथें पास होत त्याच खात्याविरुद्ध कंत्राटदारानें छापील मजकूर काढणें, हें धाडस किती मोठें होतें तें कोणाहि व्यापाऱ्यास विचारावें.

हा धंदा त्यांस आणखी एका प्रकारें उपयोगीं पडला. सत्यशोधक समाजाच्या कार्यास मुंबईंतील तेलुगु समाजाच्या कांहीं सधन कंत्राटदारांचें मोठें पाठबळ मिळालें. विचारांचा समाज असो कीं भजनाचा, त्यास कागद, शाई आणि छापखाना लागतोच. आणि तो खर्च बांधकामाच्या धंद्यांत स्वकष्टानें वर आलेल्या माणसांनीं उचलला. विद्वानांच्या सभांचे वृत्तांत आपणांस उपलब्ध आहेत. चुन्याच्या भट्टीवर उभ्या राहिलेल्या या चळवळीच्या जमाखर्चाकडे मात्र कोणीं पुरेसें पाहिलेलें नाहीं असें मला वाटतें.

दुसरा शब्द शेतकरी. पुण्याजवळ मांजरी येथें जोतीरावांची जमीन होती. ही शेती केवळ नांवापुरती नव्हती, याचा पुरावा 'असूड'च्या पानोपानीं आहे. १८८३ सालीं पुरा झालेला हा ग्रंथ शेतकऱ्याच्या दुःखाचें वर्णन म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यांतील शेवटचा भाग मला अधिक आवडतो, कारण तेथें रडणें संपतें आणि हिशेब सुरू होतो. पाटाचें पाणी वेळेवर मिळत नाहीं आणि प्रमाणांतहि मिळत नाहीं, तर शेताच्या मानानें पाणी मोजून देण्याची व्यवस्था करा. डोंगर-टेकड्यांवरून पावसाबरोबर वाहून जाणारा पालापाचोळा व माती शेतांतच मुरेल असे बांध घाला, आणि लष्कर व पोलीस यांच्या रिकाम्या हातांस त्या कामास लावा. जंगलखात्यानें गांवचीं गायरानें गिळलीं आहेत, तीं गुरांना चरावयास परत द्या. शेतीस लागणारे बैल कापले जाऊं नयेत. परदेशांतून उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणून त्यांची येथें पैदास करा, म्हणजे लोंकर मिळेल आणि शेतास खतहि मिळेल. शेतकऱ्यांचीं प्रदर्शनें भरवा, बक्षिसें द्या, त्यांच्या मुलांस विलायतेंतील शेतकीच्या शाळा पाहावयास पाठवा.

हें मीं माझ्या शब्दांत सांगितलें; पण सूचनांचा रोख आपल्या ध्यानांत आला असेल. ज्या धरणास आपण सामान पुरविलें त्याच धरणाच्या पाटाचें पाणी शेतकऱ्यापर्यंत पोहोंचतें कीं नाहीं हें शेतकरी म्हणून पाहणारा मनुष्य बोलत आहे. एका हातानें दगड पुरविले, दुसऱ्या हातानें पाण्याची वाट पाहिली. असा दुहेरी अनुभव असलेले लेखक त्या काळीं फार नव्हते. 'असूड' त्यांनीं ठिकठिकाणच्या शेतकरी मंडळींस वाचून दाखविला, आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनींहि तो ऐकला.

आतां तिसरा शब्द, आणि माझ्या मतें तिघांत सर्वांत अवघड. १८७६ पासून १८८२ पर्यंत जोतीराव पुणें नगरपालिकेचे सभासद होते. त्या वेळीं सभासद मतांवर निवडून येत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. नेमलेल्या मनुष्यानें काय करावयाचें असतें याचा एक अलिखित संकेत असतो, आणि बहुतेक सभासद तो इमानेंइतबारें पाळीत. जोतीरावांनीं १८७३ च्या 'गुलामगिरी'तच म्युनिसिपालिटीच्या कारभारावर टीका केली होती. तीन वर्षांनीं त्याच सभागृहांत त्यांस खुर्ची मिळाली. टीकाकारास खुर्ची दिली कीं तो गप्प बसतो असा राज्यकर्त्यांचा जुना अनुभव आहे. येथें तो खोटा ठरला.

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉयची स्वारी पुण्यास येणार होती. शहर शृंगारण्यासाठीं नगरपालिकेच्या तिजोरींतून १००० रुपये खर्च करावे असा ठराव अध्यक्षांनीं मांडला. जोतीरावांचें म्हणणें असें कीं हा पैसा कर देणाऱ्यांचा आहे, तो शहरांतील गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. मतें घेतलीं गेलीं तेव्हां विरोधांत एकटे जोतीराव होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. त्याच वर्षीं शहरांत दारूच्या दुकानांची संख्या वाढूं लागली, तेव्हां त्यांनीं नगरपालिकेकडे पत्र लिहून विचारलें कीं लोकांच्या आरोग्यासाठीं आपण इतर खर्च करतों, मग त्याच लोकांची धूळधाण करणारीं दुकानें वाढत असतांना आपण स्वस्थ कां बसावें? अबकारी हें सरकारच्या उत्पन्नाचें खातें. त्यास नगरपालिकेच्या एका नेमलेल्या सभासदानें हात घालणें कोणासहि रुचणारें नव्हतें.

मंडईचें प्रकरण तर आपणां पुणेकरांस, आणि पुण्याबाहेरच्यांसहि, ठाऊक असण्याजोगें आहे. शहरास मोठी, भव्य मंडई बांधावी अशी योजना निघाली. जोतीराव व त्यांचे मित्र हरि रावजी चिपळूणकर यांनीं तीस विरोध केला. कारण तेंच: इतका पैसा इमारतींत घालण्यापेक्षां शिक्षणांत घाला. मंडई अखेर झाली, १८८६ सालीं उघडली, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तीस मिळालें. येथें मला एक शंका बोलून दाखविली पाहिजे. उघड्यावर, चिखलांत बसून भाजी विकणाऱ्या बायाबापड्यांस डोक्यावर छप्पर मिळालें, हा त्या मंडईचा लाभ खरा होता. भाजीवाल्याचाच मुलगा असलेल्या जोतीरावांस तो दिसला नसेल असें म्हणवत नाहीं. पैशाचा क्रम कोणता लावावा एवढाच वाद होता, आणि अशा वादांत दोन्ही बाजूंस कांहीं तरी सत्य असतें. नगरपालिकेचें काम अवघड तें यासाठींच. लोकांनीं पुढें याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव दिलें.

हंटर कमिशनापुढील निवेदनाकडे आतां पुनः वळलें म्हणजे तीं तीन बिरुदें तेथें कां आलीं तें उमगतें. त्यांतील मुख्य तक्रार जमाखर्चाची आहे. सरकारचें उत्पन्न रयतेच्या श्रमांतून येतें आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा मुद्दा व्यापाऱ्याचा आहे. प्राथमिक शाळेंत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतकीचेंहि साधें ज्ञान द्यावें, ही मागणी शेतकऱ्याची आहे. आपल्या हद्दींतील प्राथमिक शाळांचा भार नगरपालिकांनीं उचलावा, हें म्युनिसिपल कमिशनर बोलत आहे. शिकून तयार झालेल्या पंतोजीस दरमहा निदान १२ रुपये द्यावे असा आंकडासुद्धां त्यांनीं घातला. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही मागणी एखाद्या स्वप्नाळू सुधारकानें केली असती तर कमिशनानें ती हंसून बाजूस ठेवली असती. पैसा कोठून येतो व कोठें मुरतो हें सांगणारा मनुष्य ती करीत होता. मान्य झाली नाहीं ती नाहींच. पण हंसण्याची सोय राहिली नाहीं.

मी हें सारें ज्या ठिकाणीं बसून लिहिलें त्या कामोठ्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं, कारण त्या तीन शब्दांचा अर्थ मला येथें निराळ्याच तऱ्हेनें कळला. पनवेलच्या खाडीकांठचा हा मुलूख भातशेतीचा आणि मिठागरांचा. 'गुलामगिरी'त ज्या कोंकणच्या खोतांच्या वर्चस्वाचा उल्लेख येतो तेंच हें कोंकण. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील गांवांच्या जमिनी संपादन झाल्या. मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा झाला. १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांस, उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यांस देण्याचें धोरण आलें. ज्या घरांत बाप भात लावीत होता त्या घरांतील मुलगा बांधकामास रेती, खडी आणि विटा पुरवूं लागला. २०१६ च्या १ ऑक्टोबरास पनवेल महानगरपालिका झाली, कामोठें तींत गेलें, आणि त्याच घरांतील कोणी नगरसेवकपदासाठीं उभें राहिलें. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे पुण्याच्याहि आधींची. परंतु कामोठ्याच्या शेतकऱ्यास तिच्या खुर्चीशीं काम पडलें नव्हतें.

शेतकरी, व्यापारी, सभासद: जोतीरावांनीं एका आयुष्यांत जे तीन धंदे केले ते येथें एकेका कुटुंबानें दोन पिढ्यांत केले आहेत. त्यांस कोणी उगीच नांवें ठेवूं नयेत. ज्याची जमीन गेली त्यानें दुसरा धंदा करावयाचा नाहीं तर काय करावयाचें? प्रश्न एवढाच कीं खडी पुरविणारा हात आणि ठरावास वर होणारा हात एकच झाला म्हणजे काय होतें. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानें याचें एक उत्तर देऊन ठेवलें आहे: महापालिकेच्या कंत्राटांत ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तो सभासद राहूं शकत नाहीं. कायदा चांगला आहे. पण कंत्राट भावाच्या नांवावर, मेहुण्याच्या नांवावर, ओळखीच्या माणसाच्या नांवावर असूं शकतें हें कायदा करणाऱ्यांसहि ठाऊक होतें, म्हणूनच त्यांनीं 'अप्रत्यक्ष' हा शब्द घातला. तो शब्द सिद्ध करणें किती कठीण तें वकिलांस विचारा. ज्याला आपल्या विरोधाची किंमत आपल्या धंद्यांत मोजावी लागेल हें पक्कें ठाऊक आहे, आणि तरी जो हात वर करीत नाहीं, असा मनुष्य कायद्यानें निर्माण होत नाहीं.

जोतीरावांस ती किंमत मोजावी लागली काय? त्यांच्या धंद्याच्या वह्या आपल्यापुढें नाहींत. त्यांची अखेर मात्र आपल्यापुढें आहे. १८८८ च्या २ मार्चास हरि रावजी चिपळूणकरांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यास मेजवानी दिली. जरीचे पोषाख आणि हिरेमाणकें घातलेल्या त्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि राणीच्या मुलास म्हणाले कीं येथें बसलेल्यांवरून या देशाची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यांत आहे. त्याच वर्षीं ११ मे रोजीं मुंबईच्या लोकांनीं मांडवी कोळीवाड्यांत त्यांस 'महात्मा' ही पदवी दिली. आणि दोनच महिन्यांत त्यांस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' त्यांनीं डाव्या हातानें लिहून पुरें केलें. घरांत पैसा राहिला नव्हता. कंत्राटांतून आलेलें शाळांत, दुष्काळांतल्या अनाथांच्या अन्नछत्रांत आणि समाजाच्या कामांत गेलें होतें. १८९० च्या जुलैंत मामा परमानंदांनीं सयाजीराव महाराजांस पत्र लिहून या कुटुंबास मदत करण्याची विनंति केली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. आपला देह दहन न करतां मिठांत घालून घरामागच्या जागेंतच पुरावा असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें, आणि त्यासाठीं खड्डाहि खणून ठेवला होता. ती जागा लोकवस्तींतील. तेथें दफन करावयाचें तर नगरपालिकेची परवानगी पाहिजे. ती मागितली गेली, आणि नगरपालिकेनें नाकारली. मग सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरलें, आणि दहन झालें.